चढ दमवतो, उतार धरतो

जुलैचा दुसरा आठवडा उलटला की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एकाच दुखण्याची रांग लागते. पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेली मंडळी. त्यात कॉलेजची पोरं असतात, बँकेतले मॅनेजर असतात, शाळेतल्या बाई असतात, गुडघ्याला पट्टा बांधून गेलेले एखादे निवृत्त काकाही असतात. बाजीप्रभूंच्या १६६० च्या झुंजीची आठवण म्हणून भर पावसात, मसाई पठारावरून, चिखल तुडवत पन्नासेक किलोमीटर चालायचं, ही आमच्या कोल्हापूरकडची रीत. परत येतात तेव्हा सगळे खुशीत असतात. दुसऱ्या दिवशी पाय जरा आखडलेले वाटतात. तिसऱ्या दिवशी मात्र उकिडवं बसणं ही शिक्षा होते. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. यातलं कुणी जिना चढून येताना फारशी कुरकुर करत नाही. तपासून झाल्यावर कठडा धरून, आडवं होत होत खाली उतरतात, तेव्हा माझं निदान पक्कं होतं.

“मॅडम, चढायला काय न्हाई हो, उतरायचं म्हटलं की मांड्या धरत्यात.” हे वाक्य ठरलेलं. त्याच्यामागून येणारं दुसरं वाक्यही ठरलेलं: “लॅक्टिक ॲसिड साठलंय, तेवढं रगडून काढा.”

हे लॅक्टिक ॲसिडचं प्रकरण आधी मिटवू. जोराची मेहनत करताना स्नायूंत लॅक्टेट तयार होतं हे खरं. पण मेहनत थांबली की तासा-दीड तासात रक्तातलं त्याचं प्रमाण पूर्ववत होतं. हृदय आणि यकृत ते वापरून टाकतात. तिसऱ्या दिवशी काढून टाकायला ते जागेवर नसतंच. १९८३ साली अमेरिकेत एक सोपा प्रयोग झाला. काहींना सपाट पट्ट्यावर पळवलं, काहींना उतरत्या पट्ट्यावर. सपाटीवर पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं, पण नंतर त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं नाही, आणि पाय मात्र सडकून दुखले. याला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी जिममधले प्रशिक्षक अजून ॲसिड काढतायत.

मग दुखतं काय? त्यासाठी स्नायूच्या आत डोकवावं लागतं.

हाडांना जोडलेले सहाशेच्या वर स्नायू आपल्या शरीरात आहेत. धडधाकट माणसाच्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग त्यांचाच. प्रत्येक स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. एक तंतू ही एकच पेशी असते, केसाइतकी बारीक पण कित्येक सेंटिमीटर लांब, आणि तिच्यात एकच नाही, शेकडो केंद्रकं असतात. तंतूच्या आत त्याहून सूक्ष्म धागे, आणि त्या धाग्यांवर एकापुढे एक रचलेले सार्कोमिअर नावाचे कप्पे. एक कप्पा जेमतेम अडीच मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चारशे. दहा सेंटिमीटरच्या धाग्यावर चाळीस हजार. प्रत्येक कप्प्यात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतुक एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखूड होतो. हे सरकणं १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी दाखवून दिलं: ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन ही एक जोडी, अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के ही दुसरी. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं.

इथवर सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं, की स्नायू लांब होत असतानाही जोर लावतो. रस्सीखेचीत हरणारा गडी डोळ्यांपुढे आणा. दोर त्यानं सोडलेला नाही, तो जीव खाऊन ओढतोच आहे, पण पाय पुढे घसरतायत. गड उतरताना तुमच्या मांडीचा पुढचा स्नायू नेमका त्या गड्याच्या अवस्थेत असतो. पाऊल खाली पडतं, गुडघा वाकतो, वरून देहाचा आणि पाठीवरच्या सॅकचा भार येतो. तो वाकणारा गुडघा आवरून धरताना मांडी ताणली जाते आणि त्याच क्षणी आवळलेलीही असते. चढताना हाच स्नायू आखूड होत काम करतो. म्हणून चढताना धाप लागते आणि उतरताना लागत नाही. धाप लागत नाही म्हणून माणसाला वाटतं, उतार फुकटचा आहे.

उतार खरोखरच स्वस्त असतो, पण फक्त श्वासाच्या हिशेबात. १९५२ साली लंडनमध्ये ॲबट, ब्रेंडा बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून, एका साखळीनं जोडल्या. एकानं पेडल पुढे मारायचं, दुसऱ्यानं ते पेडल उलटं येताना रोखायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा एका तरुणीनं निवांत बसून समोरच्या तरुणाला दमवून काढलं आणि जमलेल्यांची मोठी करमणूक झाली. त्याच वर्षी हेलसिंकीला गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचं कांस्यपदक मिळवत होते. कुस्तीत तरी दुसरं काय असतं? पट काढायला आलेल्याला रोखताना, अंगावर येणारं वजन सावकाश खाली घेताना, पैलवानाचे स्नायू अर्धा वेळ ताणले जाता जाताच लढत असतात.

प्राणवायू कमी लागतो कारण रोखण्याच्या कामाला कमी तंतू जुंपले जातात. आणि गोम तिथंच आहे. भार तेवढाच, वाटेकरी कमी, म्हणजे एकेका तंतूवर येणारा ताण जास्त. चाळीस हजार कप्पे सगळे सारख्या ताकदीचे नसतात. त्यातले दुबळे आधी मर्यादेपलीकडे ताणले जातात आणि परत जुळताना काहींचं जुळणं चुकतं. १९८१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांना जिने उतरायला लावून त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोन कप्प्यांमधली रेघ, जी एरवी सरळ असते, ती वेडीवाकडी, पसरटलेली, काही ठिकाणी पार विस्कटलेली दिसली. थिओडोर हाऊ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये, असलं कुठलंही यंत्र हाताशी नसताना, बोटाच्या व्यायामावरून तर्क केला होता की हे उशिरा येणारं दुखणं थकव्याचं नाही, आतल्या फाटाफुटीचं आहे. त्याचा तर्क मुळात बरोबर होता.

पण फाटलं शनिवारी, तर दुखलं सोमवारी का? कारण त्या फाटण्याला स्वतःची वेदना फारशी नसते. वेदना येते ती दुरुस्तीच्या गडबडीची. तंतूचं आवरण भेगाळलं की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, त्यानं काही पाचक प्रथिनं जागी होतात आणि मोडलेला भाग कुरतडायला लागतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी पोचतात. सूज येते. त्या सुजेत जी रसायनं तयार होतात ती मज्जातंतूंची टोकं हळवी करून ठेवतात, इतकी, की एरवी जाणवलंही नसतं असं बोटाचं दाबणं आई गं म्हणायला लावतं. हे सगळं शिगेला पोचायला एक ते तीन दिवस लागतात.

एक गोष्ट मात्र लगेच घडते आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं: ताकद कमी होते. उतरून खाली आल्या क्षणापासूनच मांडीची ताकद घटलेली असते. दुखणं चार-पाच दिवसांत ओसरतं, ताकद भरून यायला कधीकधी आठवडा, मोठं नुकसान असेल तर त्याहूनही जास्त लागतो. म्हणून ‘आता दुखत नाही’ म्हणत पाचव्या दिवशी मैदानात उतरणाऱ्या पैलवानाला मी अडवते. वस्तादांशी माझी यावरून शाब्दिक कुस्ती होते.

आता दुरुस्तीकडे. मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारा भाग हा आहे, तेव्हा थोडं रेंगाळते.

स्नायूच्या तंतूतली ती शेकडो केंद्रकं पुन्हा विभाजित होऊ शकत नाहीत. मग नवा मालमसाला येतो कुठून? याचं उत्तर १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मौरो यांना बेडकाच्या पायात सापडलं. तंतूचं स्वतःचं आवरण आणि त्याच्यावरचं पातळ बाहेरचं अस्तर, या दोहोंच्या फटीत काही चिमुकल्या पेशी चिकटून बसलेल्या त्यांना दिसल्या. काही काम करताना त्या दिसत नव्हत्या. मौरोंनी त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटलं आणि यांचा स्नायू पुन्हा घडण्याशी संबंध असावा असा अंदाज मांडला. पुढच्या काही दशकांत तो खरा ठरला. या पेशी एरवी निजलेल्या असतात. इजा झाली की दिवसभरातच जाग्या होतात, वाढतात, विभागतात. काही मोडलेल्या तंतूत विलीन होतात आणि त्याला नवी केंद्रकं देतात, काही एकमेकींना जुळून अगदी नवा तंतू उभा करतात. आणि थोड्या पुन्हा जाऊन आपल्या फटीत निजतात, पुढच्या वेळेसाठी. हृदयाच्या स्नायूला ही सोय नाही. म्हणून हार्ट ॲटॅकनंतर तिथं व्रण राहतो, आणि मांडी मात्र बऱ्याचदा नव्यासारखी होते.

या पेशींना कामाला लावतं कोण? तर तीच सूज, जिच्या नावानं आपण बोटं मोडतो. आधी येणाऱ्या भक्षक पेशी मोडकातोडका माल खाऊन जागा साफ करतात. दोन-तीन दिवसांनी त्याच जातीच्या पेशींचा नूर पालटतो, आणि त्या बांधकामाला लागणारी द्रव्यं सोडू लागतात. साफसफाई अर्धवट राहिली तर बांधकामही कच्चं होतं.

म्हणूनच बर्फाबद्दलचं मत गेल्या काही वर्षांत बदललं. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे चौकडीचं सूत्र गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडलं आणि जगभरच्या शाळांच्या मैदानांवर ते पोचलं. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांनी भरून येणं लांबू शकतं. पहिल्या काही तासांत वेदना कमी करायला दहा मिनिटं बर्फ लावलात तर मी रागावणार नाही. पण आठवडाभर बर्फाच्या पिशवीला मांडीवर घेऊन बसू नका. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बारा आठवडे वजनं उचलणाऱ्यांना दोन गटांत विभागलं. एक गट व्यायामानंतर दहा मिनिटं थंड पाण्यात बसायचा, दुसरा हलकी सायकल चालवायचा. ताकद आणि स्नायूंची वाढ, दोन्ही बाबतीत पाण्यात बसणारे मागे राहिले. बर्फाच्या टबमध्ये बसून रील टाकणाऱ्या पोरांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गंमत अशी की आमच्या तालमींना यातलं निम्मं आधीच ठाऊक होतं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत नवा पोरगा आला की जुना वस्ताद त्याला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका मारायला लावतो. दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त. आठवड्यानं आणखी. विज्ञानाला हे फार उशिरा मोजता आलं: ताणत ताणत जोर लावायचा व्यायाम एकदा केला की तोच व्यायाम पुन्हा करताना नुकसान पुष्कळ कमी होतं, आणि ते संरक्षण काही आठवडे, कधी काही महिने टिकतं. पहिली खेप थोडकी असली तरी चालते. स्नायू नवे कप्पे जोडतो, आधाराची जाळी घट्ट करतो, मेंदूही भार जास्त तंतूंवर वाटायला शिकतो. म्हणून पावनखिंडीला जाणाऱ्यांना मी जूनमध्येच सांगते, आठवड्यातून दोनदा जोतिबाच्या पायऱ्या उतरा. चढून जायची घाई नाही, वर रिक्षानं गेलात तरी हरकत नाही. उतरा मात्र पायी. लोकांना हा सल्ला थट्टेचा वाटतो. जे ऐकतात ते जुलैत माझ्याकडे येत नाहीत.

तालमीतली दुसरी गोष्ट म्हणजे मालिश. हलक्या हातानं केलेल्या मालिशीनं उशिराचं दुखणं थोडं कमी होतं, माणसाला बरं वाटतं, झोप लागते. तेवढ्यासाठी ती चांगलीच. पण ‘मुका मार’ लागलेल्या ठिकाणी मालिश ही वेगळी आणि घातक गोष्ट आहे, आणि इथं मी आवाज चढवून बोलणार आहे.

कबड्डी खेळणारा एक मुलगा. समोरच्याचा गुडघा त्याच्या मांडीवर बसला. हाड मोडलं नव्हतं. मांडी टरटरून सुजली, म्हणून घरच्यांनी त्याला गावाकडच्या एका माणसाकडे नेलं. त्यानं गरम तेलानं रोज मांडी रगडली आणि गुडघा जोर लावून वाकवला. ‘साकळलेलं रक्त मोकळं करतो’ म्हणे. तीन आठवड्यांनी माझ्याकडे आला तेव्हा गुडघा काटकोनातही वाकत नव्हता आणि मांडीत हाताला टणक काहीतरी लागत होतं. एक्स-रे काढला. स्नायूच्या आत हाड तयार झालं होतं. आत साकळलेल्या रक्तावर पुन्हा पुन्हा मार बसला की काही वेळा शरीर तिथं स्नायूऐवजी हाड बांधायला घेतं. अख्खा हंगाम गेला. ते हाड पुढे हळूहळू थोडं विरलं आणि गुडघा सुटला, पण त्याला महिने लागले. मांडीला जोराचा मुका मार लागला तर पहिला दिवसभर गुडघा सोसेल तितका दुमडून, पट्टीनं तसाच धरून ठेवावा, म्हणजे रक्त आत कमी साकळतं आणि स्नायू आखडत नाही. निदान पहिला आठवडा तेल नाही, शेक नाही, रगडणं नाही. मांडी दगडासारखी कडक होऊन वेदना वाढतच चालली, पाय बधिर पडला, तर ताबडतोब हॉस्पिटल.

तिसरा प्रकार ओढीचा, ज्याला पोरं ‘मसल फाटला’ म्हणतात. पोलीस भरतीच्या मोसमात हे माझ्याकडे रोज. शंभर मीटर पळताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच टेकायच्या आधी मांडीचा मागचा स्नायू त्या फेकलेल्या पायाला लगाम घालतो. पुन्हा तेच: ताणला जात असताना जोर लावणं. स्नायू कंडरेला मिळतो त्या सांध्यापाशी तो फाटतो. चाळिशीनंतर बॅडमिंटनला लागलेल्यांचं हेच पोटरीत होतं, आणि त्यातला जवळपास प्रत्येक जण मागे वळून बघतो, कारण त्याला वाटतं कुणीतरी दगड मारला.

फिनलंडमधल्या टाम्पेरे इथल्या यार्विनेन मंडळींनी या जखमा कशा भरतात यावर आयुष्यं घालवली. त्यांच्या कामातून निघालेला हिशेब साधा आहे. पहिले काही दिवस त्या जागेला आराम. साधारण दहाव्या दिवसापर्यंत सांधलेला भाग हाच सगळ्यात कच्चा दुवा असतो. त्यानंतर व्रणाची ताकद आजूबाजूच्या स्नायूपेक्षा कमी राहत नाही. पण त्या आधीच, तीन ते सात दिवसांत, हलकी हालचाल सुरू करावी लागते. नाहीतर नवे तंतू वाट्टेल त्या दिशेनं वाढतात आणि व्रण मोठा होतो. महिनाभर पलंगावर पडून राहणारा आणि चौथ्या दिवशी स्प्रिंट मारणारा, दोघंही पुन्हा माझ्याकडे येतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. जोराची मेहनत करणाऱ्याला याच्या दीडपट-दुप्पट. एका अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत तेवढेच. डाळ, हरभरे, मासे, मटण आपापल्या घरी ठरवा. डबेवाली पावडर वाईट नाही, पण दूध-अंडी परवडत असताना कर्ज काढून ती घेणारी पोरं बघितली की कपाळाला हात लावावासा वाटतो. झोपेला पर्याय मात्र डब्यात मिळत नाही.

आणि वेदनाशामक गोळ्या? एखादी ठीक. पण घामानं शरीर कोरडं पडलेलं असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या गिळून पुन्हा पळायला जाणं मूत्रपिंडांवर उलटतं. मोडलेला स्नायू मूत्रपिंडांना मुळातच किती जड जातो, हे सांगायला मला १९४१ च्या लंडनमध्ये जावं लागेल.

जर्मन बॉम्बफेकीत पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय अडकलेली माणसं बाहेर काढली जात होती. काढताना ती बरी दिसायची, बोलायची. मग पाय सुजायचा, रक्तदाब घसरायचा, लघवी गडद व्हायची, कमी कमी होत जायची, आणि आठवड्याभरात माणूस जायचा. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी अशा चार रुग्णांचं वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केलं. चिरडलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन नावाचं प्राणवायू साठवणारं लाल प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्यांत जाऊन बसतं. सोबत पोटॅशियम सुटतं, ते हृदय थांबवू शकतं. आज भूकंपाच्या ठिकाणी बचाव पथकं माणसाला ढिगाऱ्यातून ओढण्याआधीच सलाईन लावायचा प्रयत्न करतात, ते याचसाठी.

या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, आणि तिला ढिगारा लागतोच असं नाही. उष्माघात, दारूच्या नशेत तासन्‌तास एका कुशीवर पडून राहणं, इन्फ्लुएन्झासारखा ताप, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या (क्वचित, आणि त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा), कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापाचा दंश, यांतल्या कशानंही ती ओढवते. सापाचं विष तर थेट स्नायूच विरघळवतं. आणि सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण म्हणजे सवय नसलेल्या माणसाकडून एका दमात करवून घेतलेल्या शेकडो बैठका. बैठकीत खाली जाणं हा उतारच आहे, आणि तो शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंवर येतो.

ओळखायचं कसं? नेहमीच्या धरण्यात लघवीचा रंग बदलत नाही. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी किंवा कोलासारखी झाली, मांड्या टम्म सुजल्या, उभं राहवेना, तर घरी लिंबू सरबत पाजत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलात जा आणि रक्तातलं सीके (स्नायू मोडला की वाढणारं प्रथिन) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाची खूण) तपासा. सीके एरवी दोनशेच्या आत असतं. गड उतरून आलेल्याचं ते हजारांत जाऊ शकतं आणि आपोआप उतरतं. रॅब्डोमायोलिसिसमध्ये ते कित्येक हजारांवर, कधी लाखांवर गेलेलं असतं. वेळेत सलाईन मिळालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिस.

माझ्याकडे भरतीच्या तयारीला लागलेला एक मुलगा असाच आला होता. अकादमीतला पहिलाच दिवस, पोचायला दहा मिनिटं उशीर, म्हणून पाचशे बैठका. वर ‘घाम आटल्याशिवाय पाणी प्यायचं नाही’. त्यानं लघवीची बाटली दाखवली तेव्हाच मी त्याला पुढे पाठवलं, आणि चार दिवस सलाईनवर राहून तो बरा झाला. गावोगावी अकादम्या निघाल्या आहेत आणि पोरं आईबापांच्या जमिनी विकून तिथं येतायत. त्या चालवणाऱ्यांना आणि शाळांतल्या पीटी शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे: बैठका शिकवा, वाढवत न्या, मधे पाणी द्या, पण उशीर झाला, गृहपाठ राहिला, केस वाढले म्हणून त्या मारायला लावू नका. आणि शाळांच्या बाबतीत तर हा माझ्या विनंतीचा प्रश्नही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा देण्यावर बंदी आहे, आणि उठाबशा त्यात येतात.